बॅटरीवरचं हॅमर मशीन: आधी भिंत ओळखा

पडद्याचा रॉड लावणं हे घरातलं सगळ्यात साधं काम वाटतं. साध्या ड्रिलची सगळ्यात जास्त फजिती करणारं कामही तेच. बाकी भिंतीत सहज आत जाणारं बिट खिडकीच्या वर आलं की अर्धा इंच जातं आणि मग जागच्या जागी गरगरत राहतं. माणूस आणखी जोर लावतो, बिटाचं टोक तापून निळं पडतं, आणि शेवटी ‘आमच्या भिंतीच कडक आहेत’ असं म्हणून काम सुताराच्या वाटेला जातं. भिंत कडक नसते. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटची लिंटेल असते, साधारण सहा इंच उंच, आणि ती खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर भिंतीत शिरलेली असते. रॉडचे ब्रॅकेट बरोबर तिथेच येतात.

बॅटरीवर चालणारं छोटं रोटरी हॅमर घरात असावं असं मी म्हणते, ते आधी या लिंटेलसाठी आणि मग बाकी सगळ्यासाठी. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, मेकॅनिक नाही. पण आमच्या घरातली, बहिणीच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधली आणि राजापूरजवळच्या माहेरच्या घरातली भोकं मीच पाडते. तिन्हीकडच्या भिंती वेगळ्या आहेत, म्हणून मशीन एकच असलं तरी काम तीन तऱ्हांनी करावं लागतं. शिकायचं असतं ते हेच. मशीनची बटणं दहा मिनिटांत कळतात.

दुकानात गेल्यावर ‘हॅमर’ म्हटलं की तुमच्यापुढे दोन वेगळ्या वस्तू येतील. एक इम्पॅक्ट ड्रिल: त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिट थरथरवतात. ठोके पुष्कळ, पण अगदी बारीक, आणि तेही तुम्ही मागून दाबाल तेवढेच. विटेला ठीक, काँक्रीटला नाही. दुसरं रोटरी हॅमर: त्यात पिस्टन मागेपुढे होतो, त्याच्या पुढच्या कोंडलेल्या हवेने एक लोखंडी ठोकळा फेकला जातो आणि तो बिटाच्या बुडावर आदळतो. ठोका मशीनचा असतो, तुमच्या खांद्याचा नाही. म्हणूनच साठीतल्या बाईलाही ते झेपतं. (तिसरं एक इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं असतं. ते फक्त स्क्रू पिळायला. नावावर जाऊ नका.)

ओळखायची खूण सोपी आहे. रोटरी हॅमरला चावीचा चक नसतो. पुढची काळी बाही मागे ओढायची, बिट घालायचं, थोडं फिरवायचं, सोडायचं. बिटाच्या दांड्याला खाचा असतात. ही एसडीएस पद्धत बॉशने १९७५ साली आणली. घरगुती मशीनला एसडीएस-प्लस लागतं, त्याचा दांडा १० मिलिमीटरचा. १८ मिलिमीटरचा एसडीएस-मॅक्स म्हणजे रस्ता फोडणाऱ्यांचं सामान.

डब्यावरचा बघायचा आकडा म्हणजे ज्यूल, एका ठोक्याची ताकद. घराला दीड-दोन ज्यूल भरपूर झाले. पाच ते दहा मिलिमीटरची भोकं एवढंच तर आपलं काम. दुकानदार मला म्हणाला होता, “काकू, थोडं मोठं घ्या, पुढे कामाला येईल.” मोठं मशीन स्टुलावर उभं राहून डोक्यावर धरावं लागतं हे तो सांगत नाही. बॅटरीसकट अडीच किलोच्या आसपास असेल तेच घ्या.

व्होल्टच्या आकड्याला मात्र भुलू नका. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत फरक काहीच नाही. दोन्हीत लिथियमचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले की १८, आणि पूर्ण चार्ज असतानाचे चार धरले की २०. स्वस्तातल्या काही मशिनींवर याहून कितीतरी मोठे आकडे छापलेले दिसतात, तेव्हा बॅटरीत सेल किती ते विचारा. उत्तर आलं नाही तर दुकान बदला.

वायर नसण्याचा मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. गच्चीत, बाल्कनीत, गावाला वीज गेलेली असताना काम करता येतं, ते तर आहेच. पण मुख्य म्हणजे घरातला मेन स्विच बंद करून भोक पाडता येतं. वायरवालं मशीन चालू ठेवायला वीज लागते, म्हणजे भिंतीतल्या वायरीही जिवंत राहतात. बॅटरीवाल्याला ती अडचण नाही. दिवसाउजेडी काम काढा, मेन पाडा, टेस्टरने खात्री करा, आणि मग मशीन उचला. हे मी दर वेळी करते, अगदी एका खिळ्याएवढ्या भोकासाठीही.

आता भिंती.

भिंत वाजवून थोडं कळतं, पण खरं सांगते ती धूळ. जिथे भोक हवं तिथेच पाच-सहा मिलिमीटरचं बिट लावा, हॅमर, म्हणजे ठोक्याचा मोड, बंद ठेवून नुसतं फिरवा. पहिला अर्धा इंच राखाडी भुकटी येईल, तो गिलावा. त्यानंतर रंग बदलतो का बघा. लाल आली तर वीट. पांढरट, हलकी, रवाळ आली आणि बिट काही न करता आत चाललं तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक. राखाडीच राहिली आणि बिट पुढे सरकेनासं झालं तर काँक्रीट. तांबूस-पिवळी, दमट, बोटाला चिकटणारी आली तर तुम्ही कोकणात किंवा गोव्यात आहात आणि तो जांभा आहे.

काँक्रीटमध्येच हॅमर पूर्ण ताकदीने चालवायचा. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना सगळे मिव्हानच्या भिंती म्हणतात. आमचं आताचं घर तसंच आहे. तिथे इम्पॅक्ट ड्रिल घेऊन उभं राहण्यात काहीच अर्थ नाही. पण या भिंतींत विजेच्या नळ्या ओततानाच घातलेल्या असतात, त्यांचा माग वरून दिसत नाही. बिल्डरने ताबा देताना वायरिंगचा नकाशा दिला असेल तर तो कपाटातून बाहेर काढा. पेठेतल्या जुन्या घरी वायर कुठून गेली आहे ते गिलाव्यावरच्या उंचवट्यावरून दिसायचं. इथे ती सोय नाही.

विटेच्या भिंतीत हॅमर चालतो, पण जपून. आतल्या भिंती साडेचार इंचीच असतात. दोन ज्यूलचा ठोका सलग देत राहिलं तर पलीकडच्या खोलीत गिलाव्याची खपली पडते. मी विटेत नुसतं फिरवून सुरू करते, अडलं तरच हॅमर लावते, आणि शेवटचा अर्धा इंच पुन्हा नुसतं फिरवते. भोक जास्त गोल आणि घट्ट येतं.

सिपोरेक्सच्या ब्लॉकला हॅमर अजिबात लावायचा नाही. ठोक्याने आतला ब्लॉक भुसभुशीत होतो, भोक वरून आठचं दिसतं आणि आत दहाचं असतं. मग प्लग, म्हणजे भोकात बसवून स्क्रूला धरणारी नळी, नुसता फिरत राहतो आणि लोक म्हणतात ब्लॉकच्या भिंतीला काही टिकतच नाही. टिकतं. नुसतं फिरवून, एक माप लहान बिटाने भोक पाडा आणि ब्लॉकसाठी मिळतो तो पंखांचा लांब प्लग ठोका. बहिणीच्या घरी पुस्तकांचं शेल्फ अशाच प्लगांवर उभं आहे.

जांभ्याचं तंत्र पुन्हा वेगळं. चिरा बाहेरून दणदणीत दिसतो, पण आत पोकळ्या असतात. बिट एकदम दोन बोटं आत जातं, मग अडतं, मग परत जातं. हॅमर बंद, बिट लांब, प्लग लांब, आणि भोकात पोकळी लागली तर थोडं कालवलेलं सिमेंट भरून, ते सुकू देऊन परत पाडायचं. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात कधीही पाडू नका, विशेषतः जुन्या घरात. तिथला चुना कधीच भुगा झालेला असतो. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. कोकणातल्या पावसात साधा स्क्रू दोन-तीन वर्षांत गंजून प्लगातच बसतो आणि मग त्याचं डोकं तुटून हातात येतं.

आता प्रत्यक्ष भोक. पेन्सिलीने फुली मारा. ब्रॅकेट दोन असतील तर पाणसळ लावून दुसरी फुली मारा, छताच्या रेषेवरून मोजू नका, छत सरळ असेलच असं नाही. फुलीपासून सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना बघा: ओळीत कुठे स्विचबोर्ड, सॉकेट, नळ किंवा गीझरचा पॉइंट आहे का? असेल तर फुली चार बोटं सरकवा. वायरी आणि पाइप बहुधा याच सरळ रेषांतून गेलेले असतात. बहुधा म्हणते, कारण तिरकी वायर टाकणारेही महाभाग असतात, म्हणून तर मेन बंद.

खोली ठरवा. सहाचा नेहमीचा नायलॉन प्लग ३० मिलिमीटर लांब असतो, आठचा ४०. भोक त्याहून किमान दहा मिलिमीटर खोल हवं, कारण तळाशी भुकटी साचते आणि स्क्रूचं टोकही प्लगच्या बाहेर येतं. मशीनसोबत खोलीची पट्टी मिळते, ती बाजूच्या दांड्यात अडकवून लावा. हरवली असेल तर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा, पण तिचं टोक झेंड्यासारखं सोडू नका, ते भुकटी उडवतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण भिंतीवरून पडलेल्या बऱ्याच वस्तूंच्या मुळाशी ती असते. गिलावा बारा-पंधरा मिलिमीटरचा असतो, वर पुट्टी किंवा जिप्सम असेल तर आणखी. ३० मिलिमीटरचा प्लग भिंतीच्या तोंडाशी बसवला तर त्याचा अर्धा भाग गिलाव्यात फुगतो, म्हणजे कशातच फुगत नाही. एक तर लांब प्लग घ्या, नाही तर तोच प्लग ठोकून गिलाव्याच्या आत ढकला आणि तेवढा लांब स्क्रू वापरा. सहाच्या प्लगला चार ते पाच मिलिमीटर जाडीचा स्क्रू चालतो, आठच्याला साडेचार ते सहा. बारीक स्क्रू घातला तर प्लग फुगतच नाही. लांबी काढायची ती प्लगची लांबी, अधिक ब्रॅकेटची जाडी, अधिक स्क्रूची स्वतःची जाडी. प्लग आत ढकलला असेल तर तेवढे मिलिमीटर आणखी. हा नायलॉनचा प्लग जर्मनीतल्या आर्टूर फिशर यांनी १९५८ साली काढला, आणि आपल्याकडे काही दुकानदार अजून त्याला फिशरच म्हणतात. काही जण गिट्टी म्हणतात, काही रावळप्लग. नाव काहीही घ्या, पण मऊ रंगीबेरंगी प्लॅस्टिकचा घेऊ नका, करड्या नायलॉनचा घ्या.

डोळ्यांवर गॉगल, नाकावर एन-९५ मास्क. ओढणी नाही, मास्क. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला १९९७ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. वर्षाकाठी थोडी भोकं पाडणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण मास्क लावायला पैसे पडत नाहीत. कानात कापूस नको, फोमचे बोळे घाला. साडी असेल तर पदर खोचा, केस वर बांधा. आणि उभं राहायला घडीची शिडी घ्या, प्लॅस्टिकची खुर्ची नव्हे.

बाजूचा दांडा लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका. बिट सळईत अडकलं की मशीन स्वतःच फिरायला बघतं आणि मनगट पिळतं. आत क्लच असतो, तो सुटतो, पण तोवर हिसका बसलेला असतो. दोन्ही हात, कोपर अंगाजवळ, बिट भिंतीला काटकोनात. ट्रिगर हळू दाबा, खळगा पडू द्या, मग वेग वाढवा. आणि दाबू नका. मुसळ उखळात दाबून धरलं तर पोहे कांडले जात नाहीत, तसंच आहे हे. ठोका पडायला मशीनला जागा लागते. बिट भिंतीवरून उसळू नये एवढाच भार द्या. दर काही सेकंदांनी बिट फिरत असतानाच थोडं बाहेर ओढा, भुकटी निघून येते.

आवाज एकदम बदलून टणटणीत झाला, बिट पुढे जाईना आणि भुकटीत चमकणारा कीस दिसला, की सळई लागली. तिच्याशी भांडू नका. ती तुमची इमारत धरून आहे. एक-दीड इंच बाजूला नवीन भोक घ्या, जुनं सिमेंटने बुजवा. काँक्रीटच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, कॉलमच्या मुख्य सळईवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीट असतं आणि स्लॅबच्या सळईवर २० मिलिमीटर. त्यामुळे कॉलममध्ये छोट्या प्लगचं भोक बहुतेक निभावतं. छतात मात्र सळई लागणार हे धरूनच चाला.

भोक झालं की भुकटी बाहेर काढा. तोंडाने फुंकू नका, ती सरळ डोळ्यात येते. सायकलचा जुना पंप किंवा टाकून दिलेला दाताचा ब्रश चालतो. भुकटी भरलेल्या भोकात प्लग नीट धरत नाही. खाली जमिनीवर पडू नये म्हणून भोकाखाली एक पाकीट उघडं करून चिकटपट्टीने लावा. छताला भोक पाडताना कागदी द्रोणाच्या बुडातून बिट घाला, सगळी धूळ द्रोणात. सत्यनारायणाचे उरलेले द्रोण मी त्यासाठीच ठेवते.

छतातली कामं म्हणजे कपडे वाळत घालायचा दोरीचा स्टँड, फार तर. झोपाळा नाही. झोपाळ्याचा भार हलता असतो, त्याला प्लग नाही तर पोलादी अँकर आणि बीम लागतो, आणि तो कुठे टाकायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगावं. काही नव्या इमारतींत स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. तुमची तशी असेल तर छताला बिट लावण्याआधी सोसायटीच्या कचेरीत विचारा. केबल तुटणं ही गंमत नाही.

टाइल. बाथरूममध्ये आरसा किंवा टॉवेल रॉड लावताना हॅमर बंद, म्हणजे बंदच. फुलीवर मास्किंग टेप लावा म्हणजे बिट घसरत नाही. भिंतीच्या चकचकीत सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकासारखं, काचेसाठी मिळणारं बिट पुरतं. व्हिट्रिफाइडला डायमंडचं लागतं, आणि ते पाण्याने ओलं ठेवत हळू चालवावं लागतं. एसडीएसच्या तोंडात ही बिटं बसत नाहीत, वेगळा चक लावावा लागतो आणि तो थोडा डगमगतो, म्हणून टाइलसाठी मी साधं छोटं ड्रिलच घेते. टाइल पार झाली की मग हॅमरचं बिट घाला. टाइलच्या कडेपासून दोन बोटं तरी आत राहा. नळाच्या वर-खाली काही लावायचंच नाही असं ठरवून टाका.

बहुतेक मशीनना तिसरा मोडही असतो, नुसत्या ठोक्याचा, छिन्नीसाठी. एखादी फुटकी टाइल काढायला, वाळलेला सिमेंटचा गोळा खरवडायला तो छान. टाइल मधूनच फोडायला सुरुवात करा आणि कडेकडे या, म्हणजे शेजारची वाचते. भिंत पाडायला, पाइपासाठी लांब खाच मारायला हे मशीन काढू नका, बॅटरी आणि तुम्ही दोघं दमाल. बीम-कॉलमला छिन्नी लावायची नाहीच.

वेळ बघा. दुपारी दोन ते चार आमच्या सोसायटीत आवाज करायची बंदी आहे, आणि काँक्रीटच्या इमारतीत हॅमरचा आवाज चार मजले जातो. मी सकाळी अकराला सगळ्या फुल्या मारून ठेवते, सगळी भोकं एकदम पाडते, प्लग आणि स्क्रूचं शांत काम दुपारी करते. शेजारच्या काकांना आदल्या दिवशी सांगितलं की ते तक्रार करत नाहीत, उलट त्यांचंही एखादं भोक घेऊन येतात.

काम संपल्यावर बिटाचा दांडा पुसा आणि पुढच्या वेळी आत घालण्याआधी त्याला ग्रीसचं बोट लावा. धुळीने भरलेला कोरडा दांडा मशीनचं तोंड खातो. तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, निवू द्या. महिनोन्महिने काम नसेल तर ती अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण रिकामी नको आणि पूर्ण भरलेलीही नको, आणि माळ्यावर पत्र्याखाली तर नकोच नको. बिटांपैकी सहा आणि आठची जास्त झिजतात. टोकाच्या कार्बाइडच्या कडा गोल झालेल्या दिसल्या की नवीन आणा, झिजलेल्या बिटाचं भोक लहान येतं आणि प्लग अर्ध्यावर अडतो. चार धारांचं बिट थोडं महाग पडतं, पण सळईला घासून गेलं तरी अडकतं कमी, म्हणून आठचं तरी तसलंच घ्या.